पिक्चरला मार्क किती?

सोलापुरात एखाद्याला मुलगा झाला, नोकरी लागली किंवा मूळव्याध झाली तर लोक चौकशीला आपल्या सवडीनं येतात. पण तो सिनेमा पाहून आलाय असं कळलं की चौकशी जागच्या जागी व्हावी लागते. पूर्वी थिएटरच्या फाटकाबाहेर पुढच्या खेळाची रांग उभी असायची, आणि त्या रांगेतल्या अनोळखी माणसालासुद्धा आपल्याला अडवून विचारायचा जन्मसिद्ध हक्क होता. "कसाय बे पिक्चर?" ह्या 'बे'नं परगावच्या माणसानं दचकून जाऊ नये. त्यात अपमान नसतो. आमच्याकडे तो पूर्णविरामासारखा वापरतात, वाक्य संपलं हे समोरच्याला कळावं म्हणून. उत्तरही तितकंच आखूड लागतं. "भारी." "बरंय." "डोकं उठलं." सायकल स्टँडावरून काढेपर्यंत निकाल लागला पाहिजे. 'उत्तरार्धात कथानक किंचित विस्कळीत होत असलं तरी' अशी सुरुवात केलीत तर रांग पुढं सरकते आणि आपण सायकलीसकट मागं राहतो.

आता रांगा मोबाइलमध्ये गेल्या. प्रश्न मात्र तोच आहे, आणि मला तो इतरांपेक्षा जरा जास्त विचारला जातो. कारण माझी वही.

माझा धंदाच मार्कांचा. १९७४ ते २०१० अशी छत्तीस वर्षं मी एका हायस्कुलात मराठी शिकवलं आणि भूगोलाचे सर रजेवर असले की भूगोलही. ज्याचा हात दरवर्षी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांवरून फिरतो, त्याला समोर येईल त्या वस्तूच्या कोपऱ्यात लाल आकडा टाकावासा वाटतो. घरच्या आमटीला मार्क देणारे मास्तर सुखानं जगत नाहीत, हे मी एका सहकाऱ्याच्या संसारावरून वेळीच ताडलं आणि ती खाज सिनेमावर भागवली. शंभरपानी वही, आडवी उघडायची, रकाने पट्टीनं आखलेले. कथा २५, अभिनय २५, गाणी २०, दिग्दर्शन २०, शुद्धलेखन व टापटीप १०. सिनेमात शुद्धलेखन कुठून आलं, असं आमच्या घरातून विचारण्यात आलं होतं. अहो, हिरोच्या डोक्याला उजव्या बाजूला लागलेलं असतं आणि पुढच्या सीनमध्ये पट्टी डावीकडे असते. शेणानं सारवणारी नायिका नखांना पॉलिश लावून बसलेली असते. ह्याला टापटिपीचे मार्क कापायचे नाहीत तर कशाला कापायचे?

पास व्हायला पस्तीस.

काही जण मला म्हणतात, मास्तर, जग तारे देतं, तुम्ही मार्क काय देता? ताऱ्यांची चाल सुरू झाली ती १९२८ साली. न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज' ह्या पेपरात आयरीन थायरर नावाच्या बाईंनी ३१ जुलैच्या अंकात 'द पोर्ट ऑफ मिसिंग गर्ल्स' ह्या सिनेमाला एक तारा दिला. एकच! म्हणजे ह्या प्रथेची भवानीच नापासानं झाली. तो सिनेमा आज कुणी नाव काढण्यासारखा राहिला नाही, पण तारे मात्र जगभर पसरले. आता हॉटेल, दवाखाना, रिक्षावाला, भाकरी घरपोच आणून देणारा पोरगा, सगळ्यांना तारे. नातू माझा मोबाइल हातात घेऊन विचारतो, आजोबा, ह्या काकांना किती देऊ? काका अजून जिना उतरत असतात.

मला ताऱ्यांचं वावडं नाही, पण अडीच तारे म्हणजे पास की नापास हे कुणीतरी एकदा सांगावं. पस्तीसचं तसं नाही. पस्तीसला पेढे वाटणारी घरं मी पाहिली आहेत आणि चौतीसला भिंतीकडे तोंड करून बसलेली मुलंही. तो आकडा लिहिताना पेन जरा थांबतं. ताऱ्याला थांबत असेल असं वाटत नाही.

पण सिनेमाला मार्क देणं आणि मुलाला मार्क देणं ह्यात मोठी गोम आहे. बोर्डाच्या पेपराबरोबर आदर्श उत्तरपत्रिका येते. 'पुढील मुद्दे आल्यास पूर्ण गुण' असं तीत लिहिलेलं असतं. सिनेमाबरोबर तसलं काही येत नाही. बोर्डाच्या पेपरावर नाव नसतं, नंबर असतो. सिनेमाचं पोस्टर तर नावांसाठीच लावतात, आणि ते बघून आपण आधीच मनात पन्नास देऊन बसलेले असतो. शिवाय गणितात उत्तर चुकलं तरी पायऱ्यांना मार्क मिळतात. तसे सिनेमात द्यायचे का? दादासाहेब फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. सरस्वतीबाईंनी सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला, वर फिल्मला भोकं पाडायचं कामही केलं. आता माझ्या वहीत त्या स्वयंपाकाचे मार्क कोणत्या रकान्यात लिहू? अगदी रद्दी पिक्चरच्या मागंसुद्धा अशी कुणाची तरी पॉलिसी आणि कुणाचा तरी स्वयंपाक असतोच.

हा विचार पुस्तकातून आला असता तर मी तो पुस्तकातच ठेवला असता. तो आमच्या आईमुळं गळ्यात पडला.

१९७५ साल. देशात त्या वर्षी 'शोले' आला तसा 'जय संतोषी माँ'ही आला, आणि दुसऱ्यानं पहिल्याच्या तोंडचं पाणी पळवलं. लोक थिएटरच्या दाराशी चपला काढून आत जात. देवी पडद्यावर आली की फुलं उडत, पैसे उडत. आईनं आयुष्यात मोजून सहा सिनेमे पाहिले, त्यातला हा चौथा. शुक्रवारचा उपास, आंबट वर्ज्य, पदराच्या गाठीला गूळफुटाणे. शेजारच्या तीन बायका आणि सोबतीला मी. आई हात जोडून बसली होती ती इंटरव्हललाही तशीच. मी कोपऱ्यात पेन्सिलीनं टिपणं करत होतो.

घरी येऊन रीतसर तपासलं. कथा ११, अभिनय १०, गाणी ९, दिग्दर्शन ३, टापटीप १. एकूण चौतीस.

आईला वाचायला फारसं येत नव्हतं, पण वाण्याच्या वहीपुरते आकडे कळत. तिनं बेरीज बघितली.

"चौतीस? म्हणजे देवी नापास?"

"देवी नव्हे गं. पिक्चर."

"मग मी काय पिक्चरच्या पाया पडले होते का रे?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मला बी.एड.ला शिकवलेलं नव्हतं. वडील कोपऱ्यातून म्हणाले, एक मार्क ग्रेस देऊन टाक आणि जेवायला बस. पण ग्रेसमार्क दयेपोटी द्यायचे नसतात. त्याचे नियम असतात. आईचं समाधान व्हावं म्हणून पस्तीस केले असते तर तो चौतीसचा पस्तीस झाला नसता, खोटा आकडा झाला असता, आणि आईलाही तो नको होता. तिचं म्हणणंच वेगळं होतं. मी मोजत होतो ती वस्तू आणि ती बघत होती ती वस्तू एक नव्हतीच. पडदा एक, तिकीट एका रांगेचं, आणि दोन वेगळे खेळ चालले होते.

आमच्या पूर्वभागातल्या तेलुगू मंडळींना हे समजावून सांगावं लागत नाही. एन. टी. रामाराव पडद्यावर कृष्ण होऊन आले की नमस्काराला हात आपोआप जोडले जात. त्या कृष्णाला अभिनयाचे पंचवीसपैकी किती, असं तिथं विचारून बघा. आंध्रच्या लोकांनी तर १९८३ साली त्यांना मुख्यमंत्री केलं. एवढे मार्क मी कुणालाच देऊ शकलो नसतो.

मी चौतीस तसेच ठेवले. फक्त वहीत उजवीकडे दोन रकाने वाढवले. एक 'कोणाबरोबर' आणि दुसरा 'त्यांचे मार्क'. त्या ओळीत लिहिलं आहे : आई, १००. दोन्ही आकडे शाईचे आहेत.

ह्या दोन रकान्यांमुळं वही फार मजेदार झाली. 'हाथी मेरे साथी' मॅटिनीला पुन्हा लागला तेव्हा आमच्या धाकट्या भावाबरोबर पाहिला. कथेला मी ९ दिले आहेत. पण शेवटी तो रामू हत्ती मेला तेव्हा माझा रुमाल पिळून वाळत घालण्यासारखा झाला होता, हेही त्याच ओळीत नमूद आहे. आता रडू आलं म्हणून मार्क वाढवायचे का? माझं मत नाही असं आहे. सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याचा हंगाम असला की गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत येते. कांदा चिरतानाही डोळ्यांना धार लागते, पण म्हणून कुणी कांद्याला राष्ट्रीय पुरस्कार देत नाही. उलट बाजूही आहे. रडूच आलं नाही असं लिहिलं असतं तर तेही खोटंच झालं असतं. म्हणून रुमालाची नोंद वेगळी. नुसता कोरडा असेल तर 'को', ओला असेल तर 'ओ'. मोठमोठ्या टीकाकारांच्या लेखांत मला ह्या एका नोंदीची उणीव भासते. ते सिनेमा कसा होता ते सांगतात, पण तेव्हा ते स्वतः कसे होते, जेवून गेले होते का, बूट चावत होता का, मागचा माणूस खोकत होता का, ह्याचा पत्ता लागू देत नाहीत. सोलापूरच्या मे महिन्यात पारा बेचाळीसवर असताना ज्याच्या डोक्यावरचा पंखा बंद आहे त्यानं केलेलं परीक्षण आणि ज्याच्यावर पंखा फिरतोय त्यानं केलेलं परीक्षण, ही एकाच सिनेमाची परीक्षणं धरू नयेत.

पण हे झाले गमतीचे हिशेब. खरा पेच शेजारून आला.

आमच्या शेजारी राहणारे अण्णा एका कारखान्यात मागावर टॉवेल विणतात. अक्का घरी विड्या वळतात. सोलापुरात ह्या दोन कामांवर उभी असलेली घरं मोजायला बसलो तर दुसरी वही लागेल. माझ्या वहीची कीर्ती त्यांच्या कानावर गेली होती. एकदा अक्का हळदीकुंकवाला आल्या, तर आमच्या घरातून ती वही त्यांना दाखवण्यात आली. त्यांनी पानं उलटली, लाल रेघा बघितल्या आणि विचारलं,

"सर, हे गोल केलेले काय हो?"

"ते नापास."

"मग नापासांचं काय करता?"

"काही नाही. नापास म्हणजे नापास."

अक्का हसल्या. "तुम्ही पण विड्या तपासता ओ."

मला आधी उलगडा झाला नाही. मग त्यांनी सांगितलं. विड्यांची मजुरी हजारावर मिळते. जुड्या बांधून नेल्या की तिथला माणूस त्या सोडून बघतो. ही जाड, ही बारीक, हिचं तोंड नीट दुमडलं नाही. बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत. पान गेलं, तंबाखू गेली, हातही दुखला. तपासणाऱ्यावर त्यांचा राग नव्हता, कारण जाड विडी त्यांनाही ओळखता येते. "पण तो ओढत नाही ना ओ सर," त्या म्हणाल्या. "नुसतं बघतो."

मी विषय बदलावा म्हणून विचारलं, परवा मैत्रिणींबरोबर गेला होता तो पिक्चर कसा वाटला? तो मी पाहिला होता. अठ्ठावीस मार्क, लाल गोल.

"छान होता. तीन तास हात रिकामे होते."

जाताना त्यांनी पानाची तीन बोटं साडीला पुसली आणि कुंकू लावून घेतलं. मी त्या रात्री 'त्यांचे मार्क' ह्या रकान्यात काय लिहावं ह्याचा विचार करत होतो. आकडा सुचला नाही. अठ्ठावीसच्या पुढं तेच वाक्य लिहून ठेवलं. आता माझं म्हणणं असं की तो सिनेमा वाईटच होता. त्यात कथा नव्हती, आणि जी होती ती दुसऱ्या सिनेमातून उचललेली होती. अक्कांचे हात रिकामे राहिले हे त्या दिग्दर्शकाचं कर्तृत्व नव्हे, नुसती खुर्ची मिळाली असती तरी ते झालं असतं. पण खुर्ची कुणी दिली नसती. सिनेमाच्या निमित्तानंच मिळाली. ह्याचं श्रेय कुणाच्या खात्यावर टाकायचं हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

अण्णांचा मुद्दा वेगळा. ते रोखीचे गृहस्थ. शनिवारी संध्याकाळी दाराशी उभे राहून विचारत, "सर, पैसे वसूल आहे का ओ?"

'पैसे वसूल' ह्या शब्दाला शिकलेले लोक नाक मुरडतात. कलेला पैशात मोजायचं म्हणजे काय! मीही स्टाफरूममध्ये मुरडत असे. पण अण्णांच्या तोंडी तो शब्द ऐकल्यावर वेगळा वाटायचा. चार तिकिटं, रिक्षा, इंटरव्हलचं काहीतरी, ह्याचे किती टॉवेल होतात हे त्यांना पाठ होतं. माझा 'जा' ऐकून ते गेले आणि फसले, तर माझ्या वहीतला आकडा बदलत नाही, पण त्यांचा दिवसभराचा माग वाया जातो. खरं म्हणजे परीक्षण लिहिणारी बहुतेक मंडळी पासावर सिनेमा बघतात. जो लिहितो तो पैसे भरत नाही आणि जो पैसे भरतो तो लिहीत नाही, अशी ह्या धंद्याची घडी आहे. चाळीसच्या दशकात 'फिल्मइंडिया'च्या बाबूराव पटेलांनी आपल्या लेखणीनं भल्याभल्यांची सालटी काढली. मग त्यांनी स्वतः 'द्रौपदी' (१९४४) आणि 'ग्वालन' (१९४६) असे दोन सिनेमे काढले. दोन्ही पडले. मला त्या माणसाबद्दल त्यामुळं उलट आदर वाटतो. एकदा तरी ते मांडवाच्या दुसऱ्या बाजूला गेले. बाकीच्यांचं काय?

तर अण्णांनी विचारलं की मी वही उघडत नाही. आधी विचारतो, कोण कोण जाणार? पोरं आहेत का? गेल्या आठवड्यात काय पाहिलंत? मग सांगतो. त्यामुळं एकाच सिनेमाला मी अण्णांना 'जा' आणि आमच्या निवृत्त हेडमास्तरांना 'नको' सांगितलेलं आहे, आणि दोन्ही वेळा सत्य सांगितलेलं आहे. हेडमास्तर म्हणाले, ही तर दुटप्पी वागणूक झाली. मी म्हटलं, सर, डॉक्टर दोघांना एक गोळी देतो का? ते म्हणाले, डॉक्टर ताप मात्र दोघांचा एकाच थर्मामीटरनं बघतो. हेडमास्तर उगाच हेडमास्तर झाले नव्हते.

त्यांचा हा थर्मामीटर पुढं बराच वेळ माझ्या डोक्यात राहिला. कारण थर्मामीटर तरी कायम तोच राहतो का? अमेरिकेत पॉलीन केल नावाच्या फार मोठ्या टीकाकार बाई होत्या. त्या म्हणे एकदा पाहिलेला सिनेमा पुन्हा बघतच नसत. एकदा दिलेला निकाल दिला. हा बाणेदारपणा मला आवडतो, पण आमच्या बोर्डात फेरतपासणीची सोय असते ती उगाच नाही. 'शोले'चंच बघा. १५ ऑगस्ट १९७५ला आला, तेव्हा पहिल्या आठवड्यात जाणकारांनी त्याला पडलेला ठरवून टाकलं होतं. त्या वर्षीच्या फिल्मफेअर पारितोषिकांत उत्कृष्ट चित्रपट 'दीवार', आणि 'शोले'ला काय? तर एकच, संकलनाचं, एम. एस. शिंदे ह्यांना. माझ्या हिशेबानं फक्त टापटिपीचे दहापैकी दहा! तोच सिनेमा मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं चालला, आणि २००५ साली त्याच फिल्मफेअरनं त्याला पन्नास वर्षांतला सर्वोत्कृष्ट म्हणून गौरवलं. ह्या तीस वर्षांत 'शोले'ची एक फ्रेम बदललेली नव्हती.

गावकीचा एक वेगळाच त्रास असतो. सोलापूरचं नाव निघालं की माझं लाल पेन ओशाळतं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आमचे. १९१०चा जन्म सोलापूरचा. चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करताना गेले. शांतारामबापूंनी १९४६ साली त्यांच्यावर सिनेमा काढला आणि कोटणिसांचं काम स्वतः केलं. त्यात टापटिपीचे मार्क कापायला सोलापूरच्या माणसाचा हात धजेल का? शशिकलाही इथलीच. तिनं 'आरती' आणि 'गुमराह'मध्ये इतरांना असं काही छळलं की लागोपाठ दोन फिल्मफेअर पटकावली. थिएटरात बाकीचे प्रेक्षक तिला शिव्या देत असताना आम्ही सोलापूरकर ताठ मानेनं बसून असायचो. अशा वेळी मी बेरीज करून झाल्यावर पाच मार्क वजा करतो. गावकीची वजावट म्हणतात तिला. माझ्यापुरती का होईना, पण चालू आहे.

ही वजावट मी फेब्रुवारी २०१४ मध्येही करणार होतो. 'फँड्री' लागला होता. दिग्दर्शक नागराज मंजुळे आमच्या जिल्ह्यातला, करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा. त्यातला जब्या झालेला सोमनाथ अवघडे पलीकडच्या केमचा. म्हणजे वजावट दहाची करावी काय, असा विचार करत मी वही घेऊन बसलो.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. फँड्री म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. शाळेत जाणाऱ्या जब्याला त्याच्या घरच्यांबरोबर गावातलं डुक्कर धरावं लागतं, सगळ्या वर्गासमोर, त्याला आवडणाऱ्या मुलीसमोर. गाव बघायला जमतं, हसतं, मोबाइलवर फोटो काढतं. मध्येच शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि ते सगळं कुटुंब डुक्कर समोर असताना ताठ उभं राहतं. मग ते डुक्कर बांधून खांद्यावरून नेतात ते शाळेच्या भिंतीवरून. भिंतीवर फुले, सावित्रीबाई, आंबेडकर रंगवलेले असतात. छत्तीस वर्षं मी तसल्याच भिंतीच्या आतल्या बाजूला खडू घेऊन उभा होतो. आणि शेवटी जब्या एक दगड उचलतो आणि फेकतो, तो सरळ पडद्यातून आपल्या अंगावर.

कथा, पंचवीसपैकी. पेन उघडलं. छत्तीस वर्षांत पेपरानं मास्तरला दगड मारल्याचं उदाहरण नव्हतं. ती ओळ वहीत अजून आहे. तारीख आहे, 'कोणाबरोबर' मध्ये 'एकटा' आहे, रुमाल 'को' आहे. आकडे नाहीत.

शनिवारी अण्णा दाराशी. "सर, आपल्या जिल्ह्याचा पिक्चर आलाय म्हणे. पैसे वसूल आहे का ओ?"

इथं मात्र मला घाम फुटला. ज्यानं आठवडाभर मागापाशी उभं राहून कान किटवून घेतलेत, त्याला एका दिवसाच्या सुट्टीत दगड खायला पाठवायचं? 'नको' म्हणणं सोपं होतं, आणि माझ्याच नियमात बसणारं होतं. पोरं बरोबर आहेत, गेला आठवडा दमवणारा होता, तिकिटं महाग आहेत. पण 'नको' म्हणायचं म्हणजे काय? मला झेपलं, तुम्हांला झेपणार नाही, असंच ना? हसायचं तुम्ही आणि विचार करायचा आम्ही, अशी वाटणी मी कोणत्या अधिकारानं करणार? आणि 'जा' म्हणावं, तर त्याच्या चार तिकिटांवर माझा मोठेपणा.

मी म्हटलं, "अण्णा, हसू येणार नाही. गाण्यावर नाचायला मिळणार नाही. पैसे वसूल होतील असं मी म्हणत नाही. पण मोठ्या पोराला न्यावं असं वाटतं."

अण्णांनी मान हलवली. हो म्हणाले की नाही ते कळलं नाही.

सोमवारी अक्का कुंपणापाशी भेटल्या. सुपात पानं होती, हात चालू होते. मी काही विचारलं नाही. त्याच म्हणाल्या, "डुक्कर पळतं तेव्हा थिएटरात सगळे हसत होते ओ सर. आम्ही पण हसलो. मग दगड आला."

"आणि पैसे?" मी विचारलं.

"ह्यांनी काढलेच नाहीत तो विषय," अक्का म्हणाल्या, आणि एक विडी जरा जाड झाली ती उलगडून पुन्हा वळायला घेतली.

त्यानंतर दोनेक महिने अण्णा माझ्याकडे सिनेमाचं विचारायला आले नाहीत. मग पुन्हा येऊ लागले. हाणामारीचे, तेलुगूतून आलेले, पोरांचे, सगळे सिनेमे आम्ही रीतसर 'पैसे वसूल'मध्ये बसवले. २०१६च्या एप्रिलअखेर 'सैराट' आला. त्याच मंजुळेचा, आणि त्यातली आर्ची आमच्याच अकलूजची. 'झिंगाट'वर लोक खुर्च्या सोडून नाचत होते. मी पहिल्या दोन दिवसांतच पाहून आलो होतो. शनिवारी अण्णा दाराशी उभे.

"सर, ह्यात दगड नाही ना ओ?"

"नाही. दगड नाही. गाणी आहेत, चार. फार झकास आहेत."

"आणि शेवट?"

"शेवट मी सांगणार नाही अण्णा."

अण्णा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग वळून घरात हाक मारली, "अगं, उद्या पोरांना आधी जेवायला घालून न्यायचं."